चढ

नववी ब, तिसरा तास.
फळ्यावर दोन अक्ष काढले,
आडव्यावर वेळ, उभ्यावर अंतर,
आणि शून्यातून एक रेघ वर सोडून म्हटलं,
जितका चढ जास्त, तितका वेग जास्त.

मागच्या बाकावरून मुजम्मिल अत्तार:
"उलटं सांगायलात बाई.
मांजरसुंब्याच्या घाटात
अब्बा टेम्पो दुसऱ्या गिअरला आणतेत.
सिमेंट भरलेलं असलं तर पहिल्याला.
चढाला गाडी रांगती,
पळती कुठं?"

वर्ग हसला.
मी खडू तसाच धरून उभी.
सतरा वर्षं हा शब्द फळ्यावर लिहितेय,
त्याला दम लागतो
हे कधी ऐकलंच नव्हतं.

म्हटलं, ये. अब्बांचा टेम्पो काढ.

त्यानं शून्यावर बीडचा मोंढा ठेवला.
पालीपर्यंत रेघ ताठ गेली.
मग घाट आला आणि त्याचा हात आपोआप वर जायला लागला,
डोंगर काढायला.
मी मनगट धरलं.
अरे, हा रस्ता नाही.
इथं गाडी वर चढत नाही, नुसती लांब जाते,
आणि खालून घड्याळ सरकत राहतं.
घाटात अर्धा तास गेला ना?
मग चल अर्धा तास उजवीकडे. वर किती? थोडंसंच.

त्यानं रेघ वाकवली.
अख्खा घाट फळ्यावर
आडवा पडला,
दमलेल्या बैलासारखा.

पुढं मांजरसुंब्याचा चौक, चहा.
तिथं त्यानं खडू उचलून घेतला.
ढाकण्यांची अनुसया उठली,
"उचलायचा नाही. सपाट ओढायची.
चहा पितेत म्हणून वेळ थांबतो का?"
बरोबर, म्हटलं.
थांबलेल्या माणसाचीही रेघ असते.

"आन् एकदम उभी काढली तर?"
कुणी विचारलं, आठवत नाही.
मी सांगितलं, तशी रेघ कुणाचीच नसते.
एकाच क्षणाला
इथंही असावं लागेल, तिथंही,
आणि मधल्या सगळ्या गावांत.

हे बोलून मी जरा वेळ
डस्टर शोधत राहिले. डस्टर हातातच होतं.

संध्याकाळी नेकनूरहून एसटी,
केज, मग अंबाजोगाई.
दुसरा मजला, स्त्री अस्थिरोग.
खुब्यात सळई घातलेली आई
वॉकर पुढं टाकते, थांबते,
पाय ओढून घेते.
मी फरश्या मोजते, भिंतीवरचं घड्याळ बघते.
सहा फरश्या, चार मिनिटं.
आलेखावर ही रेघ
अनुसयासुद्धा सपाट म्हणून सोडून देईल.
आईच्या पाठीवरून घाम उतरतोय.
पहिला गिअर, मुजम्मिल.
माल भरलेला.

नळापाशी ती वळली.
आता रेघ खाली यायला लागणार,
कॉटकडे, शून्याकडे.
परत येण्याला आम्ही वजा चिन्ह लावतो,
का लावतो ते पुस्तकात नीट दिलंय.
"काय मोजायलीस गं?" तिनं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
"उद्या खिडकीपस्तोर जाते."
खिडकी म्हणजे आणखी नऊ फरश्या.

घटक चाचणीत प्रश्न तोच होता,
आलेखाचं वर्णन करा.
मुजम्मिलनं पेन्सिलीनं नीट काढलं होतं सगळं,
आडव्या पडलेल्या तुकड्यावर लिहिलं,
इथे गाडी सगळ्यात जास्त राबली.
आणि सपाट तुकड्याखाली,
इथे अब्बा चहा पितात, वेग शून्य.

एकक लिहायचं राहिलं होतं.
अर्धा गुण कापला.
मग पुष्कळ वेळ
ती वही वरच ठेवली, गठ्ठ्यात घातली नाही.